हिमप्रदेशांतील शेतकऱ्यानें पिकअप मोठी घ्यावी कीं लहान?

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांत व्हरमाँट नांवाचें एक डोंगराळ राज्य आहे. तेथें आमच्या एका सभासद-बंधूंची कन्या व जांवई यांनीं सफरचंदांची लहानशी बाग घेतली आहे. बागेसाठीं पिकअप गाडी घ्यावयाची असून ती मोठ्या बांध्याची घ्यावी कीं लहान, हा प्रश्न त्या उभयतांनीं वडिलांस लिहिला व वडिलांनीं तो मंडळाकडे पाठविला. बर्फ पडण्यापूर्वीं निर्णय व्हावयास पाहिजे आणि गाडी कर्जानें घ्यावयाची आहे. प्रश्न आमच्या मुलखांतला नव्हे हें खरें. परंतु हल्लीं मराठी घरांतलीं मुलें जेथें जेथें गेलीं आहेत त्यांत बर्फाचे प्रदेश थोडे नाहींत. शिवाय गाडीचें वजन, चाकांची पकड, वाटेचा चढ आणि कर्जाचा हप्ता यांचा जो हिशेब तेथें लागू पडतो तोच आमच्या काळ्या रानांतल्या चिखलांतही बऱ्याच अंशीं लागू पडतो. यास्तव या विषयाचा येथें थोडा सविस्तर विचार करण्याचें योजिलें आहे.

पिकअप म्हणजे पुढें चालकाची खोली व मागें उघडा हौदा असलेली हलकी मालगाडी, हें वाचकांस सांगणें नको. टाटा कंपनीनें २००५ सालीं काढलेली छोटी मालगाडी, जिला आमचे लोक छोटा हत्ती म्हणतात, आणि महिंद्र कंपनीची बोलेरो पिकअप या दोन्ही आमच्या बाजार-आवारांत रोज दिसतात. अमेरिकेंत ही जात फार जुनी आहे. फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या 'मॉडेल टी' गाडीस कारखान्यांतच हौदा बसवून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली. त्यापूर्वीं शेतकरी स्वतःच गाडीचा मागचा भाग कापून लांकडी पेटी ठोकीत असत. १९४८ पासून त्याच कंपनीची 'एफ' मालिका सुरू झाली व तींतील एफ-१५० ही गाडी आज मोठ्या बांध्याच्या पिकअपचा नमुना मानली जाते. शेव्हरोलेची सिल्व्हरॅडो, रॅम व टोयोटाची टुंड्रा या तिच्याच पंक्तीच्या होत.

मोठ्या बांध्याची गाडी आरसे सोडून सुमारें २ मीटर रुंद, सव्वापांच ते सवासहा मीटर लांब आणि रिकामी असतां दोन टनांच्या आसपास किंवा त्याहून अधिक भरते. लहान गाड्यांत आज फोर्डची मॅव्हरिक ही २०२२ च्या नमुन्यापासून निघालेली गाडी प्रमुख आहे. ती सुमारें १.८४ मीटर रुंद, ५ मीटरांहून किंचित् अधिक लांब व पावणेदोन टनांच्या आंत आहे. या दोहोंच्या मध्यें टोयोटाची टॅकोमा, फोर्डची रेंजर वगैरे मध्यम गाड्या येतात. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जुन्या लोकांच्या तोंडीं 'लहान पिकअप' म्हणून जी गाडी असते ती आतां नव्या बाजारांत मिळत नाहीं. १९९५ सालची साधी टॅकोमा १.७ मीटरांच्या आंत होती; आजची तीच टॅकोमा १.९५ मीटर रुंद आहे. रेंजर १९८२ त बाजारांत आली, २०११ च्या अखेरीस अमेरिकेंत बंद पडली व २०१९ त परत आली ती चांगली पोसून आली. नांव तेंच पाहून गाडी तीच समजूं नये.

लहान गाड्या अमेरिकेंत अशा विरळ कां झाल्या याची हकीकत शेतकऱ्यांस मोठी मौजेची वाटेल, कारण तिच्या मुळाशीं कोंबडी आहे. १९६० च्या सुमारास अमेरिकेंतील स्वस्त कोंबड्यांनीं युरोपचे बाजार भरून गेले, तेव्हां तेथील सरकारांनीं त्यांवर जकात बसविली. त्यास उत्तर म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनीं कांहीं परदेशी मालावर शेंकडा २५ जकात बसविली व ती १९६४ च्या आरंभीं अमलांत आली. त्या मालांत हलक्या मालगाड्या होत्या. इतर जिन्नसांवरील जकात पुढें उठली, परंतु मालगाड्यांवरील उठली नाहीं. तेव्हांपासून परदेशांतून तयार लहान पिकअप आणून स्वस्त विकणें कोणास परवडेनासें झालें, आणि देशी कारखानदारांनीं जींत नफा अधिक ती मोठी गाडी पुढें रेटली. जकातीचा एक ओळीचा हुकूम साठ वर्षांनंतरही शेतकऱ्याच्या अंगणांत कोणती गाडी उभी राहावी हें ठरवितो, याचें महसूल खात्यांत उमर घालविलेल्या आम्हांस तरी आश्चर्य वाटत नाहीं.

आतां बर्फाकडे वळूं. 'गाडी जड तितकी बर्फांत भरंवशाची' असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धा खरा व अर्धा घातक आहे. गाडी थांबते ती टायर व जमीन यांच्या घर्षणानें. वजन दुप्पट झालें तर घर्षण दुप्पट होतें, पण थांबवावयाचें ओझेंही दुप्पट होतें. म्हणून ब्रेक लावल्यानंतर गाडी किती अंतर जाईल यांत वजनाचा हिशेब कटून जातो. ताशीं ५० किलोमीटर वेगाची गाडी कोरड्या डांबरी सडकेवर ब्रेक लावल्यावर सुमारें १४ मीटरांत थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर तीच सुमारें ५० मीटर जाते आणि कांचेसारख्या गोठलेल्या थरावर जवळ जवळ १०० मीटर. हे आंकडे एका टनाच्या गाडीस जितके लागू तितकेच अडीच टनांच्या गाडीस लागू आहेत. त्यांत उतार मिळविला म्हणजे प्रकरण अधिकच बिकट होतें. दहांस एक असा उतार असेल तर दाबलेल्या बर्फावरील ५० मीटरांचे १०० मीटर होतात, व त्याच उतारावर कांच जमली असेल तर हिशेबानें गाडी थांबतच नाहीं. चाकें जाम होऊनही ती खालीं घसरत राहते. जड गाडीचा चालक मात्र उंच बसलेला असतो, त्यास आंत थंडी-वारा जाणवत नाहीं, आणि चारही चाकांचा जोर असल्यामुळें गाडी निघतांना कुरकुरत नाहीं. या सुखानें वेग किती झाला याचें भान सुटतें. चारही चाकांस जोर देणारी यंत्ररचना गाडीस चालविण्यास मदत करते, थांबविण्यास नव्हे, हें वाक्य त्या जांवईबापूंनीं गाडी कोणतीही घेतली तरी लक्षांत ठेवावें.

समजाचा खरा अर्धा भाग चढणीसंबंधीं आहे, आणि तेथें एकूण वजनापेक्षां ज्या चाकांस जोर पोंचतो त्या चाकांवर किती वजन आहे, हा प्रश्न आहे. रिकाम्या पिकअपचें यंत्र पुढें व हौदा मोकळा. म्हणून १०० शेर वजनांतलें सुमारें ६० शेर पुढच्या आंसावर व ४० शेर मागच्या आंसावर पडतें. आमच्या गाडीवानांच्या भाषेंत बोलावयाचें तर रिकामी पिकअप धुरजड असते. जोर फक्त मागच्या चाकांस जात असेल तर दाबलेल्या बर्फावर ती बारांस एक याहून उभा चढ घेत नाहीं. जागच्या जागीं चाकें फिरतात व खालचा बर्फ घोटून कांच करतात. चारही चाकांस जोर मिळाला तर तीच गाडी पांचांस एक चढते. पुष्कळ लोक दोन चाकांच्या गाडीच्या हौद्यांत वाळूचीं पोतीं टाकतात. दोन टनांच्या गाडींत मागच्या आंसावर २०० किलो वाळू टाकल्यास बारांस एकचा चढ अकरांस एक होतो, यापलीकडे मोठा लाभ नाहीं. मात्र मागचा भाग सडकेवर डोलत नाहीं, हा फायदा आहेच. पोतीं ठेवावयाचीं तर बरोबर आंसाच्या वर ठेवून दोरानें आवळावीं. अगदीं मागें लोटल्यास गाडी उलाळ होते, पुढचीं चाकें हलकीं पडतात आणि वळविलेली गाडी वळत नाहीं. सुटीं ठेवल्यास ब्रेकबरोबर तीं चालकाच्या पाठीवर येतात.

म्हणून बर्फाच्या डोंगरांत चारही चाकांस जोर असलेली गाडी घ्यावी, या बाबतींत मोठी-लहान असा भेद करण्याचें कारण नाहीं. भेद आहे तो तिच्या प्रकारांत. मोठ्या व मध्यम गाड्यांत बहुधा हाताचा खटका किंवा बटण असतें, तें फिरविल्यावर पुढचा व मागचा आंस एकमेकांस घट्ट जोडला जातो आणि शिवाय एक मंद गिअर मिळतो, ज्यांत गाडी बैलाच्या चालीनें पण बैलाच्याच नेटानें चढते-उतरते. हा जोड कोरड्या सडकेवर ठेवूं नये. वळणावर पुढचीं व मागचीं चाकें निरनिराळें अंतर कापतात व यंत्र आंतल्या आंत पिळलें जातें. मॅव्हरिकसारख्या लहान गाडींत चाकांचा जोर आपोआप वांटला जातो, चालकानें कांहीं करावें लागत नाहीं, परंतु मंद गिअर नसतो. सडकेवर ही आपोआप रचना सोईची. उभ्या बागेंत, लगाम धरून उतरल्याप्रमाणें गाडी उतरवावयाची असेल तेथें मंद गिअरची उणीव भासते.

टायरांविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण थोडक्यांत सांगण्यासारखेंच आहे: गाडीवर पैसा कमी पडला तरी चालेल, टायरांवर पडूं देऊं नये. साधें रबर सुमारें ७ अंशांखालीं कडक होत जातें. हिंवाळी टायरांचें रबर मऊ राहतें. अशा टायरांवर तीन शिखरांचा डोंगर व त्यांत हिमकण अशी खूण असते. नुसतीं 'एम' व 'एस' हीं अक्षरें असलीं तर तीं नक्षीविषयीं सांगतात, थंडींतल्या कसोटीविषयीं नव्हे. टायर चारही बदलावे. दोन बदलणें म्हणजे एका बैलास नाल मारून दुसऱ्यास अनवाणी जुंपणें होय. रुंदीच्या बाबतींत लोकांचा समज बहुधा उलटा असतो. खालीं पक्की सडक व वर वीतभर बर्फ असेल तर अरुंद टायर तो कापून जमिनीस पोंचतो, रुंद टायर वर तरंगतो. अथांग बर्फावर मात्र रुंद टायर व कमी हवा हाच उपाय. आइसलंडांतील हिमनद्यांवर प्रवास करणारे लोक अवाढव्य टायरांतली हवा अगदीं उतरवून चालतात. व्हरमाँटच्या सडकांवर हिमनदी नाहीं. बर्लिंग्टन शहरीं वर्षाकाठीं सरासरीनें दोन मीटर बर्फ पडतो, डोंगरांत पुष्कळ अधिक, परंतु सडका लोटल्या जातात. तेथें अरुंद टायराची लहान गाडी मोठीपेक्षां उणी पडत नाहीं. बर्फ गाडीच्या पोटास लागेपर्यंत हें खरें. पोट टेकलें कीं चाकें वजन सोडतात व गाडी तराफ्यासारखी अडकते. मोठ्या गाडीचें पोट जमिनीपासून कांहीं बोटें अधिक उंच असतें, तेवढाच तिचा अधिकार.

यापुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा असून गाडी घेतांना पुष्कळ जण तो विसरतात. सरकारी सडक सरकार मोकळी करतें. सडकेपासून घरापर्यंतची वाट कोणी मोकळी करावयाची? समजा ही वाट १०० मीटर लांब व ३ मीटर रुंद आहे आणि रात्रींतून ३० सेंटिमीटर बर्फ पडला. म्हणजे ९० घनमीटर झाला. नवा भुसभुशीत बर्फ घनमीटरास सुमारें १०० किलो भरतो. तेव्हां सकाळीं अंगणांत ९ टन ओझें पडलेलें असतें. तेवढाच बर्फ ओला असेल तर २७ टन. हें फावड्यानें उपसणें एका कुटुंबाचें काम नव्हे. म्हणून तिकडचे शेतकरी पिकअपच्या तोंडास बर्फ लोटण्याचें पोलादी पातें बसवितात. पातें बसवावयाचें असेल तर मोठ्या गाडीस पर्याय नाहीं, असें आमचें मत आहे, व त्याचें कारण तराजूच्या दांडींत आहे.

पातें व त्याची चौकट मिळून २५० किलो धरूं. तें पुढच्या आंसाच्या सव्वा मीटर पुढें टांगलेलें असतें. दोन आंसांतील अंतर मोठ्या गाडींत सुमारें ३.७ मीटर, लहान गाडींत सुमारें ३.१ मीटर. दांडीचा हिशेब केला तर मोठ्या गाडीच्या पुढच्या आंसावर २५० नव्हे तर सुमारें ३३५ किलो भार वाढतो व मागचा आंस ८५ किलोंनीं हलका होतो. लहान गाडींत पुढें सुमारें ३५० किलो चढतात व मागून १०० उचलले जातात. फरक थोडा दिसतो, परंतु मोठ्या गाडीचा पुढचा आंस व स्प्रिंगा मुळांत अधिक भारासाठीं घडविलेल्या असतात, कांहीं नमुन्यांत तर पात्यासाठीं मुद्दाम भक्कम केलेल्या मिळतात. उलट लहान गाडी मुळांतच धुरजड, तिचा मागचा भाग आधींच हलका. त्यांतून मॅव्हरिकसारख्या गाडीस निराळी पोलादी चॅसी नसून तिचें सर्व अंग मोटारीप्रमाणें एकसंध पत्र्याचें आहे. दगडास किंवा गोठलेल्या ढिगास पातें आदळलें तर तो धक्का चॅसीनें सोसावा लागतो. चॅसीच नसेल तर तो सर्व अंगानें सोसावा लागतो.

परंतु पातें गाडीलाच बसविलें पाहिजे हें कोणीं ठरविलें? बाग आहे तेथें ट्रॅक्टर असतोच. तीस-चाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरास पुढें पातें किंवा बर्फ उडविणारें यंत्र जोडतां येतें. त्याचीं मागचीं चाकें जड, टायर खोल दांत्यांचे, आणि साखळ्या चढविल्या म्हणजे तो अंगणांतला बर्फ पिकअपपेक्षां नीट हलवितो. ट्रॅक्टर हिंवाळ्यांत एरव्हीं रिकामा उभा असतो. शेजाऱ्यांच्या वाटा मोकळ्या करून चार पैसे मिळवावयाचे असतील तर गोष्ट निराळी. तेव्हां गांवभर फिरणारी मोठी पिकअपच पाहिजे, व तिचा खर्च ती भरून काढील.

आतां माल. सफरचंदाचा मोठा पेटारा चार फूट चौरस असून त्यांत ३५० ते ४०० किलो फळ बसतें. मोठ्या गाडीच्या हौद्यांत चाकांच्या फुगवट्यांमधून तो सरळ खालीं बसतो. लहान गाडींत ती जागा चार फुटांहून कमी असल्यामुळें बसत नाहीं. मॅव्हरिकची वहनशक्ति माणसें धरून अधिकांत अधिक ६८० किलो आहे. दोन माणसांचे १५० वजा केले तर १९ किलोंच्या २५-२७ पेट्या न्याव्या. ऐकावयास थोड्या वाटतात, परंतु तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरांत, म्हणजे बर्फापूर्वीं होते. त्या वेळीं पेटारे ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलींत जातात. हिंवाळ्यांत शीतगृहांतून दुकानीं पोंचवावयाचा माल इतकाच असतो. गुरांची भरलेली ट्रॉली मागें बांधून ओढावयाची असेल तर मात्र लहान गाडीचा विचार सोडावा. ती पूर्ण सामग्रीनिशीं सुमारें १८०० किलो ओढते. मोठी त्याच्या तिप्पट व त्याहूनही अधिक. आणि घसरड्या उतारावर मागची ट्रॉली पुढच्या गाडीस ढकलते, तेव्हां ओढणाऱ्या गाडीचें वजन ट्रॉलीच्या मानानें भारी असणें हें केवळ सोईचें नव्हे, जिवाचें काम आहे.

हौदा उघडा असतो, त्यांतही बर्फ सांठतो. एक घनमीटरभर भुसभुशीत बर्फ १०० किलो, पण त्यावर पाऊस पडून गोठला तर ३००-४०० किलो. लहान गाडीचा निम्मा बोजा याप्रमाणें फुकटच भरतो. हौद्यावर झांकण घालावें.

व्हरमाँटांत बर्फाइतकीच भीति चिखलाची आहे. राज्यांतील निम्म्याहून अधिक सडका कच्च्या आहेत. मार्च-एप्रिलांत वरचा थर वितळतो, खालची जमीन गोठलेलीच असते, पाणी मुरण्यास जागा नसते, आणि सडकेचा राबडा होतो. खोल चाकोऱ्या पडतात. आमच्याकडे एका गांवच्या सर्व बैलगाड्यांचें चाकोरीचें अंतर सारखें असे, त्याचें कारण अशा वाटेवरून जाणाऱ्यास तत्काळ कळतें. तिकडच्या चाकोऱ्या मोठ्या गाड्यांच्या मापाच्या पडतात. अरुंद गाडीचें एक चाक चाकोरींत व दुसरें उंचवट्यावर चढून ती कलती चालते. त्याचबरोबर हेंही खरें कीं, रुतलेली लहान गाडी दोन माणसें, एक फावडें व दोन फळ्या यांनीं निघते; अडीच टनांचें धूड रुतलें तर ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि ट्रॅक्टर सडकेवर आणल्यानें सडक आणखी बिघडते.

लहान गाडीच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेंत नसून जपानांत आहे. तेथें सरकारनें लहान वाहनांचा एक वर्ग ठरवून त्यास करांत सवलत दिली. हल्लींच्या मापांप्रमाणें हें वाहन लांबीस ३.४ मीटर, रुंदीस १.४८ मीटर, यंत्र ६६० सीसी व बोजा ३५० किलो याहून अधिक असतां कामा नये. सुझुकीची कॅरी व डायहात्सूची हायजेट या त्यांतल्या प्रसिद्ध मालगाड्या. आमच्या छोट्या हत्तीच्या जातीच्याच. जपानांतील निम्म्याहून अधिक सफरचंद आओमोरी प्रांतांत पिकतें व आओमोरी शहरांत एका हिंवाळ्यांत पडणारा बर्फ बेरजेनें पांच मीटरांवर जातो. अशा मुलखांत शेतकरी या पाऊण टनाच्या गाड्या वापरतात. चारही चाकांस जोर, अरुंद टायर, आणि शेताच्या बांधावरून जाण्यासाठीं अति मंद गिअर अशी त्यांची रचना. होंडाच्या अॅक्टी गाडीचा तर पुढें जाण्याचा व मागें येण्याचा असे दोन्ही अति मंद गिअर असलेला खास शेतकी नमुना होता. सुबारूच्या सांबर गाडीचा एक नमुना जपानी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांमार्फत विकला जाई, ही गोष्ट आमच्या मंडळाच्या चिटणिसांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे. अमेरिकेंत २५ वर्षांहून जुन्या परदेशी वाहनास तेथील सुरक्षेचे नियम लागत नाहींत, म्हणून हल्लीं अनेक अमेरिकन शेतकरी या जुन्या जपानी गाड्या आणवितात. बागेच्या आंत फिरविण्यास त्या उत्तम. मोठ्या सडकेवर ताशीं शंभराच्या वेगानें धांवणाऱ्या प्रचंड गाड्यांमध्यें तें पत्र्याचें डबडें घेऊन जाणें आम्हांस धोक्याचें वाटतें, व कांहीं राज्यें त्यांची नोंदणीच करीत नाहींत.

आमच्या देशांत हिमाचलांतील बागाइतदारांनीं हा प्रश्न अरुंद घाटांमुळें आपोआप सोडविलेला आहे. तेथें मोठी अमेरिकन पिकअप वळणांत मावतच नाहीं. फळ बर्फापूर्वीं खालीं जातें आणि हिंवाळ्यांत बागेस शेणखत पोंचविण्याचें काम लहान गाड्या व खेंचरें वांटून घेतात. २०२० च्या ऑक्टोबरांत रोहतांगखालचा ९ किलोमीटरांचा अटल बोगदा खुला झाल्यापासून लाहौल खोऱ्यांतही हिंवाळ्यांत गाडी नेतां येऊं लागली आहे.

आतां पैशाचा हिशेब. नव्या मोठ्या व नव्या लहान गाडीच्या आरंभींच्या किंमतींत दहा हजार डॉलरांचें अंतर धरून चालण्यास हरकत नाहीं. हौसेची सामग्री चढविल्यास तें पुष्कळ वाढतें. दहा हजारांचें कर्ज शेंकडा ७ व्याजानें सहा वर्षांत फेडावयाचें तर दरमहा सुमारें १७० डॉलर हप्ता व एकंदर व्याज सुमारें २,२७५ डॉलर होतें. मोठी गाडी लिटरास ८-९ किलोमीटर जाते, लहान ११-१२. वर्षाकाठीं १६,००० किलोमीटर चाल धरली तर मोठी गाडी पांचशें लिटरांच्या आसपास पेट्रोल अधिक पिते. तगाईचीं प्रकरणें लिहितांना आम्हीं वारंवार पाहिलें आहे कीं, चार एकरांच्या धन्यानें सहा बैलांचें औत बाळगलें तर बैल उपाशी राहत नाहींत, धनी राहतो. वर्षांतून तीन दिवस लागणाऱ्या बळासाठीं उरलेल्या दिवसांची वैरण भरूं नये. तीं तीन दिवसांची मोठी गाडी भाड्यानें मिळते.

या सर्वांवरून आमच्या सभासद-बंधूंस आमचा अभिप्राय असा कीं, बागेंत ट्रॅक्टर आहे, गुरें नाहींत व वाट लोटण्याचा धंदा करावयाचा नाहीं, म्हणून मुलांनीं लहान गाडी घ्यावी. चारही चाकांचा जोर असलेली घ्यावी, आणि वांचलेल्या पैशांतून पहिल्याच दिवशीं चार हिंवाळी टायर निराळ्या रिमांसह घेऊन ट्रॅक्टरास पातें बसवावें. घरापर्यंतची चढण आठांस एक याहून उभी असेल तर मॅव्हरिक न घेतां मंद गिअरची मध्यम गाडी घ्यावी, हप्ता थोडा वाढला तरी. पुढें गुरें पाळण्याचा विचार खरोखरच ठरला असेल तर आजच मोठी घ्यावी; दोनदां गाडी बदलण्यांत जें नुकसान होतें तें व्याजाहून भारी असतें.

जुनी गाडी घ्यावयाची असल्यास आणखी एक काळजी. तिकडे बर्फ वितळविण्यासाठीं सडकांवर मीठ टाकतात. त्या खाऱ्या पाण्यानें गाडीचें पोट गंजतें, आणि वरून रंग झळझळीत असतांना आंतून चॅसी कुजलेली असते. टॅकोमा गाडी टिकाऊ म्हणून नांवाजलेली, परंतु १९९५ ते २००० या सालांतल्या तिच्या चॅसी इतक्या गंजल्या कीं २००८ सालीं कंपनीस त्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट देऊन परत घ्याव्या लागल्या. २०१५ पासूनच्या एफ-१५० चें वरचें अंग अॅल्युमिनियमचें असल्यामुळें तें गंजत नाहीं, पण चॅसी पोलादाचीच आहे. तेव्हां वरच्या पत्र्यावर भुलूं नये. गाडीखालीं आडवें होऊन, मागच्या आंसाच्या वरची कमान, स्प्रिंगांचे खिळे व ब्रेकच्या नळ्या पाहाव्या आणि चॅसीवर जागोजाग हातोडीनें ठोकावें. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा खपल्या सुटल्या तर किंमत कितीही उतरली तरी ती गाडी सोडून द्यावी. घेतलेल्या गाडीचें पोट हिंवाळ्यांत दर पंधरवड्यास, थंडी शून्याच्या वर चढलेल्या दिवशीं, साध्या पाण्याच्या जोरदार धारेनें धुवावें व बर्फापूर्वीं त्यावर तेलाचा हात फिरवून घ्यावा.